कडू की तुरट, हे तुमच्या जिभेला आधीच कळतं

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तपासणी विभागात काम करणारे तिशीतले वाचक लिहितात: पुणे, गोवा किंवा बेंगळुरूला जाणं झालं की ते तिथल्या मायक्रोब्रुअरीत वेगवेगळ्या शैलींच्या बिअर चाखतात आणि इन्स्टाग्रामवर मराठीत परीक्षण लिहितात. गव्हाच्या बिअरला त्यांनी पाचपैकी तीन तारे दिले, कारण ती गढूळ होती. पिल्सनर या फिकट, सोनेरी बिअरला साडेचार, कारण 'लोण्यासारखी उतरते, वासही ताज्या लोण्याचा'. आयपीए (इंडिया पेल एल) या कडू शैलीला दोन, कारण 'पपनसाच्या सालीसारखी कडू'. स्टाउट या काळ्या बिअरला एक, कारण 'करपलेली, पातळ, गॅसच नाही'. एका मित्राने चारचौघांत सुनावलं की ठेचा-भाकरीवर वाढलेल्या जिभेला पाइन, स्टोनफ्रूट, बिस्किटी माल्ट असलं काही कळणार नाही, आणि बिअरवर लिहिणं हे मराठीचं कामही नाही. दरम्यान एका ब्रुपबने (स्वतःची बिअर तिथेच बनवून देणाऱ्या पबने) त्यांना फुकट चाखायला बोलावलं आहे. लिहिणं सोडावं, इंग्रजी शब्द पाठ करावेत, की एखादा कोर्स करावा, असं त्यांनी विचारलं आहे.

उत्तर

तुमच्या चारही परीक्षणांतली निरीक्षणं मला अचूक वाटतात. चुकले आहेत ते तारे.

स्टाउटपासून सुरुवात करू. वर्णनावरून ती ड्राय आयरिश स्टाउट असावी. या शैलीत न मोडवलेली बार्ली कॉफीच्या बियांसारखी काळी होईपर्यंत भाजून घालतात. 'करपलेली' ही चव तिथून येते आणि ती मुद्दाम आणलेली असते. हिचं अल्कोहोल साधारण ३.८ ते ५ टक्के, म्हणजे रंग काळाकुट्ट असला तरी अंगाने ही बिअर हलकी. म्हणून ती तुम्हाला पातळ लागली. नळातून देताना बऱ्याच ठिकाणी कार्बन डायऑक्साइडबरोबर नायट्रोजन वापरतात. नायट्रोजन द्रवात फारसा विरघळत नाही, त्याचे बुडबुडे बारीक असतात, त्यामुळे फेस सायीसारखा येतो आणि जिभेला गॅस टोचत नाही. करपलेली, पातळ, गॅस नाही: तुम्ही त्या शैलीची तीन लक्षणं बरोबर टिपलीत आणि तिन्हींना दोष समजून गुण कापलेत.

गव्हाच्या बिअरचंही तेच झालं. जर्मन हेफेवायझनमध्ये किमान निम्मं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, गव्हाचं असतं. गव्हातली प्रथिनं आणि न गाळलेलं यीस्ट यांमुळे ती गढूळच असते. 'हेफे' म्हणजेच यीस्ट. पपनसाच्या सालीसारखा वास आणि कडूपणा हे अमेरिकी पद्धतीच्या आयपीएचं ओळखपत्र आहे, कारण कॅस्केडसारख्या हॉप्सचा (हॉप्स म्हणजे बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) वास नेमका तसाच असतो. पिल्सनरला मात्र तुम्ही सगळ्यांत वर बसवलंत आणि दोष बहुधा तिच्यातच होता. लोण्याच्या वासामागे डायअसिटिल नावाचं द्रव्य असतं. साय विरजून घुसळलेल्या लोण्याला वास देणारं द्रव्यही हेच. चेक पिल्सनरमध्ये ते अगदी पुसट असलं तर चालतं, जर्मन पिल्सनरमध्ये अजिबात चालत नाही. पहिल्याच घोटाला 'लोणी' असं लिहावंसं वाटलं, तर ते पुसट नव्हतं.

म्हणून सोडण्याचा विचार बाजूला ठेवा आणि आधी हे तपासा की तारे देताना तुम्ही नेमकं काय मोजत होतात. फाउंड्रीत कास्टिंग पास करताना त्याचा आकार तुम्हाला आवडला का, हा प्रश्न येत नाही. समोर ड्रॉइंग असतं, त्यावर टॉलरन्स असतो, भाग त्यात बसतो किंवा बसत नाही. बिअरलाही असं ड्रॉइंग आहे. बीजेसीपी ही अमेरिकेत १९८५ साली सुरू झालेली बिअर-परीक्षकांची संस्था. तिची शैली-मार्गदर्शिका इंटरनेटवर फुकट मिळते. चालू आवृत्ती २०२१ ची. त्यात प्रत्येक शैलीचा वास, रंग, चव, अंग आणि आकड्यांतल्या मर्यादा दिल्या आहेत. हेफेवायझनचा कडूपणा ८ ते १५ आयबीयू (हे कडूपणाचं एकक), जर्मन पिल्सनरचा २२ ते ४०, अमेरिकी आयपीएचा ४० ते ७०. यावरून दिसेल की आयपीए 'फार कडू' म्हणून दोन तारे देणं म्हणजे गिअरला दाते आहेत म्हणून तो नापास करण्यासारखं आहे.

आकड्यांबाबत एक सावधगिरी. आयबीयू हे हॉप्समधल्या कडू द्रव्याचं मोजमाप आहे, जिभेला लागणाऱ्या कडूपणाचं नाही. ४० आयबीयू असलेली ८ टक्क्यांची गोडसर, जाड बिअर सौम्य लागते. तेच ४० एखाद्या कोरड्या पिल्सनरमध्ये चांगलेच जाणवतात. म्हणून मेन्यूवरचा आकडा वाचून कडूपणा लिहू नका. आधी चाखा, मग आकडा पाहा.

आता जिभेविषयी. मित्राचं म्हणणं दोन ठिकाणी चुकतं. पहिली गोष्ट, पाइन किंवा पीच जिभेला कळतच नाही, कुणाच्याही नाही. जिभेला गोड, आंबट, खारट, कडू आणि मांस-अळंबीत असते ती उमामी एवढंच कळतं. बाकी सगळं नाक करतं, तेही दोन वाटांनी: हुंगताना समोरून, आणि गिळल्यावर श्वास नाकातून सोडताना मागून. तिखट ही चव नाही, ती एक प्रकारची भाजण्याची संवेदना आहे. आयुष्यभर ठेचा खाल्ल्याने नाक कमजोर होत नाही. खाल्ल्यावर तासभर मात्र तोंड कामाचं राहत नाही, म्हणून चाखण्याच्या दिवशी ठेचा नंतर.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. मराठी घरात वाढलेल्याकडे एक शब्द लहानपणापासून असतो, तो म्हणजे 'तुरट'. इंग्रजीत लिहिणारे नवखे परीक्षक कडू आणि तुरट यांत सारखी गल्लत करतात. आपण करत नाही, कारण कारलं कडू आणि जांभूळ तुरट हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. बिअरमध्ये हा फरक मोलाचा आहे. कडूपणा हॉप्सचा असतो आणि बहुतेक वेळा हवा असतो. तुरटपणा बहुतेक वेळा चुकीतून येतो: बार्लीची टरफलं ७७-७८ अंशांहून गरम पाण्याने धुतली किंवा धुण्याच्या पाण्याचा सामू चढला की टरफलांतलं टॅनिन उतरतं. चहा जास्त उकळल्यावर जे होतं तेच. ओळखायची खूण सोपी आहे. घोट गिळल्यावर जीभ टाळूवरून फिरवा. खरखरीत लागली, गालांच्या आत कोरड पडली, तर तुरट. जिभेच्या मागच्या भागात चव रेंगाळली, पण तोंडाला पाणी सुटलं, तर कडू. गडद स्टाउटमध्ये भाजलेल्या धान्याचा थोडा तुरटपणा चालतो, पिल्सनरसारख्या फिकट लेगरमध्ये (थंडाव्यात आंबवलेल्या बिअरमध्ये) नाही.

आंबटाचंही तसंच. बर्लिनर वाइस आणि गोझ या आंबट शैलींमध्ये लॅक्टिक आम्ल असतं. ती ताकाची आंबट चव, गोल आणि स्वच्छ. व्हिनेगरची आंबट चव नाकात चढते आणि घशाला लागते. ती असेटिक आम्लाची, आणि बऱ्याच शैलींमध्ये ती बिघाडाची खूण असते. काही बिअरमध्ये फळं घातलेली असतात, तिथे लिंबाची किंवा आमसुलाची आंबट चव वेगळी काढता यायला हवी. 'आंबट आहे' एवढं लिहून थांबलात तर वाचकाला काहीच मिळत नाही. 'ताकासारखी आंबट' लिहिलंत तर ती बिअर प्यावी की नाही, हे तो स्वतः ठरवू शकतो.

म्हणजे इंग्रजी शब्द पाठ करायची गरज नाही, आणि करूही नका. ज्याने आयुष्यात पाइनचं जंगल पाहिलेलं नाही त्याने 'पायनी' लिहिलं तर तो शब्द उसना राहतो; वाचकालाही त्यातून काही हुंगता येत नाही. शब्द निवडायचा नियम एकच ठेवा: वाचक उठून ती वस्तू हुंगू शकेल असा शब्द. बेळगावात अशा वस्तूंची कमतरता नाही. हेफेवायझनमधला केळ्याचा वास हा कच्च्या केळ्याचा नाही, सालीवर काळे ठिपके पडलेल्या जवारी केळ्याचा आहे. त्याबरोबर येते ती लवंग. हे दोन्ही वास यीस्ट तयार करतं, त्यात केळं किंवा लवंग घातलेली नसते. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात, तेव्हा धण्यांचा वास आला तर निःशंक लिहा. गडद माल्टचा गोडवा सांगायला 'कॅरॅमल' कशाला हवं? दूध आटून आटून तांबूस झाल्यावर कुंद्याला जो वास येतो, तो याच जातीचा. त्याहून गडद माल्टला काकवी आणि खजूर, फिकट माल्टला बेकरीतली ताजी खारी किंवा टोस्ट, स्टाउटला तव्यावर जास्त भाजली गेलेली ज्वारी आणि कॉफीची पूड. काही हॉप्सना सुक्या पानांचा वास येतो. निपाणीकडच्या वाचकाला 'वाळवलेल्या तंबाखूचं पान' म्हटलं की लगेच समजेल. पाइनच्या जागी 'राळ' लिहा, ती देवघरात धुपाबरोबर जळते. स्टोनफ्रूट म्हणजे आडू, जर्दाळू. हातात जर्दाळू असतील तर जर्दाळू लिहा, पिकलेला आंबा वाटला तर आंबाच लिहा.

एका शब्दाबद्दल जरा थांबतो. इंग्रजी परीक्षणांत 'स्कंकी' हा दोष वारंवार येतो. स्कंक हा प्राणी आपल्याकडे नाहीच, म्हणून तो शब्द इथे निरुपयोगी. पण दोष खरा आहे. उजेड पडला की हॉप्समधलं कडू द्रव्य तुटतं आणि एक उग्र गंधकयुक्त संयुग तयार होतं. तपकिरी काच त्या उजेडाला बरीच अडवते, हिरवी आणि पारदर्शक काच फारशी अडवत नाही. हे घरीच पाहता येतं. हिरव्या बाटलीतल्या एकाच लेगरच्या दोन बाटल्या घ्या, एक फ्रिजमध्ये ठेवा, दुसरी दुपारच्या उन्हात गच्चीवर अर्धा तास. मग ती फ्रिजमध्ये ठेवून दोन्ही सारख्याच गार झाल्यावर शेजारी ठेवून हुंगा. पारदर्शक बाटलीच्या एखाद्या ब्रँडमध्ये फरक पडला नाही तर गोंधळू नका. काही कंपन्या उजेडात न तुटणारा प्रक्रिया केलेला हॉप अर्क वापरतात. तो वास एकदा नाकात बसला की त्याला तुमचा शब्द तुम्हीच द्या, आणि तो वास कसा घ्यायचा हेही परीक्षणात सांगा.

दोष ओळखायला शिकण्याची उत्तम जागा तुमचं स्वयंपाकघर आहे. एक साधी, फिकट, कमी वासाची लेगर घ्या. ३३० मिलीच्या बाटलीत ४ मिली पांढरं व्हिनेगर घातलं की असेटिक दोष स्पष्ट कळतो. मक्याची कणसं उकडलेलं पाणी दोन चमचे घातलं की डीएमएस या गंधकयुक्त द्रव्याचा वास समजतो. फिकट माल्टचं पाणी नीट उकळलं नाही, किंवा उकळताना झाकण ठेवलं आणि वाफ बाहेर गेलीच नाही, की तो राहतो. कोरा कडक चहा दोन चमचे घातला की तुरटपणा. पाच-सहा लवंगा थोड्या बिअरमध्ये तासभर भिजवून ती लवंगी बिअर साध्या बिअरमध्ये चमच्याचमच्याने वाढवत गेलात, तर लवंग किती झाली की सुखाची आणि कुठून पुढे औषधी, ही तुमची सीमारेषा तुम्हालाच सापडेल. जुनाट बिअरचा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास पाहायचा असेल तर एक कॅन फ्रिजमध्ये आणि एक एप्रिल-मेच्या उकाड्यात माळ्यावर महिना-दीड महिना ठेवा. डायअसिटिलसाठी वेगळं काही नको, ताजं लोणी हुंगा. मात्र ते हुंगण्याची ताकद माणसागणिक फार वेगळी असते. तुम्हाला पिल्सनरमध्ये ते जाणवलं याचा अर्थ तुमचं नाक त्याला जागं आहे. टेबलावरच्या इतरांना जाणवलं नाही म्हणून ते खोडू नका.

तुमचं नाक खरोखर फरक करतं का, याचा पुरावा हवा असेल तर तीन ग्लासांची चाचणी करा. मित्राला सांगा की दोन ग्लासांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, जवळची पण वेगळी, ओतून तुमच्यापुढे ठेव. कोणता वेगळा हे तुम्ही सांगायचं. रंगावरून कळू नये म्हणून स्टीलचे पेले वापरा. नुसत्या अंदाजाने तिनातून एकदा बरोबर येतंच. म्हणून वेगवेगळ्या दिवशी मिळून सहा वेळा करा. सहापैकी पाच वेळा बरोबर आलं तर ते नशीब नव्हे; केवळ अंदाजाने तसं घडण्याची शक्यता दोन टक्क्यांहूनही कमी असते. ही चाचणी त्या टीका करणाऱ्या मित्राबरोबरच करा. त्याला हरवायला नव्हे. दोघांनाही आपापली जीभ कळेल म्हणून.

चाखण्याची पद्धत. सकाळी अकराच्या सुमारास, पोट अगदी रिकामं नसताना, नाक सगळ्यांत तरतरीत असतं. आधी तासभर चहा-कॉफी, पान, तंबाखू नाही. अंगाला अत्तर नाही. नमुना ६० ते ९० मिलीचा, एका बैठकीत पाच, फार तर सहा. क्रम फिकट आणि सौम्य यांपासून कडू, भाजक्या आणि जास्त अल्कोहोलच्या बिअरकडे. धुरकट आणि आंबट अगदी शेवटी. आयपीएनंतर गव्हाची बिअर घेतलीत तर ती पाण्यासारखी लागेल, आणि तो दोष तिचा नसेल. मधे साधं पाणी आणि बिनलोण्याचा पाव. खारे शेंगदाणे आणि मसाल्याचे चिरमुरे नंतर, कारण मीठ कडूपणा दाबतं आणि मसाला अल्कोहोलची जळजळ वाढवतो.

गारवा हा इथला मोठा अडथळा आहे. आपल्याकडची सवय सहा ते आठ टक्क्यांच्या स्ट्रॉंग लेगरची आणि ती बर्फासारखी थंड पिण्याची. चार अंशांवर वास जवळजवळ झोपलेला असतो. पिल्सनर ५ ते ७ अंशांवर ठीक, गव्हाची ७-८, आयपीए ८ ते १२, स्टाउट १० ते १३. थर्मामीटर नसेल तर फ्रिजमधून काढून पिल्सनर पाच मिनिटं, आयपीए दहा-बारा, स्टाउट वीस मिनिटं बाहेर ठेवा, उन्हाळ्यात कमी. ब्रुपबमध्ये ग्लास बर्फात ठेवलेला असेल तर साधा मागा.

ग्लासकडे बहुतेकांचं लक्षच नसतं आणि निम्मे खोटे दोष तिथे जन्मतात. ओतल्यावर काचेच्या आतल्या बाजूला बुडबुडे चिकटून राहिले, तर तिथे तेल किंवा साबण आहे. फेस लगेच बसला तर तेच. घरी ग्लास ओला करून आत मीठ भुरभुरा. जिथे मीठ चिकटत नाही तिथे तेलकट आहे. धुतल्यावर फडक्याने पुसू नका, पालथा घालून निथळू द्या. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर शेवटचं विसळणं उकळून गार केलेल्या पाण्याने करा.

ओतताना ग्लास तिरका धरून सुरू करा, अर्ध्यावर सरळ करा, दोन-तीन सेंटिमीटर फेस येऊ द्या. रंग पाहण्याआधी हुंगा, कारण काही वास पहिल्या अर्ध्या मिनिटातच उडून जातात. लांब श्वास नको, दोन-तीन छोटे हुंगे. तळवा ग्लासवर ठेवून हलकेच फिरवा, हात काढा, पुन्हा हुंगा. नाक थकलं की स्वतःच्या बाहीचा वास घ्या. मग रंग, पारदर्शकता, फेस किती टिकतो. मग मोठा घोट, तीन-चार सेकंद तोंडात फिरवून गिळा आणि श्वास नाकातून सोडा. शेवटी अंग: पातळ की जाड, गॅस किती, घशात ऊब येते का, तुरटपणा आहे का. हे सगळं वहीत उतरवून होईपर्यंत टेबलावर कुणाशी बोलू नका. एकाने 'आंबा' म्हटलं की सगळ्यांना आंबाच लागतो. हेफेवायझनच्या बाटलीत शेवटचा घोट उरला की बाटली गोल फिरवून तळाचं यीस्टही ओता, नाहीतर तुम्ही अर्धीच बिअर चाखलीत.

गुणांसाठी पाच तारे मला अपुरे वाटतात. बीजेसीपीच्या पत्रकात पन्नास गुण असतात: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातली जाणीव ५ आणि एकूण प्रभाव १०. रूपाला फक्त तीन! गढूळपणावर दोन तारे कापण्याआधी हे आठवा. गुण शैलीच्या ड्रॉइंगप्रमाणे द्या आणि खाली वेगळी एक ओळ लिहा: 'मला आवडली का'. ती ओळ गाळू नका. तुम्हाला स्टाउट आवडत नाही हे वाचकाला कळलं, तर तुम्ही तिला दिलेल्या, समजा, ३८ गुणांचं वजन वाढतंच.

दोष लिहिण्याआधी तो कुणाचा हे शोधा. लोण्याचा वास ब्रुअरीतून आलेला असू शकतो. आंबवण शेवटाला आलं की लेगर दोन-तीन दिवस थोडी गरम, १६ ते १८ अंशांवर ठेवली तर यीस्ट ते डायअसिटिल परत खाऊन टाकतं. घाईत ही पायरी गाळली की ते उरतं. पण तोच वास बारच्या नळीतूनही येतो, कारण न धुतलेल्या नळीत लॅक्टिक जिवाणू वाढतात आणि तेही डायअसिटिल बनवतात. नळ्या दर दोन आठवड्यांनी साफ करायच्या असतात. तेव्हा शेजारच्या नळाची दुसरी बिअर चाखा. तिलाही लोणी आणि हलकी आंबट झाक असेल तर संशय नळ्यांवर. फक्त पिल्सनरला असेल तर ब्रुअरला विचारा. आयपीए पुठ्ठ्यासारखी लागली तर कॅनवरची तारीख पाहा. हॉप्सचा वास दोन-तीन महिन्यांत झडतो, आणि उन्हातल्या ट्रकमधून आलेल्या कॅनमध्ये त्याहूनही आधी. एका ग्लासवर निकाल देऊ नका, दुसऱ्या दिवशीचा दुसरा ग्लास घ्या. आणि प्रत्येक परीक्षणात तारीख, नळ की कॅन, बनवल्याची तारीख आणि चाखण्यातला क्रमांक हे चार तपशील द्या.

फुकटच्या आमंत्रणाला जायला हरकत नाही, दोन अटींवर. परीक्षणाच्या पहिल्याच ओळीत 'बिअर ब्रुपबने दिली' असं लिहायचं, आणि मजकूर छापण्याआधी त्यांना दाखवायचा नाही. पैसे देऊ केले तर नाही म्हणा. ती मग जाहिरात होते, आणि मद्याच्या जाहिरातीवर आपल्या देशात कडक बंधनं आहेत. त्याहून चांगलं आमंत्रण मागा: ब्रुअरबरोबर एक तास, टाकीतून अर्धवट मुरलेली आणि तयार अशी एकच बिअर शेजारी ठेवून. हिरव्या सफरचंदासारखा असिटाल्डिहाइडचा वास कच्च्या बिअरमध्ये जसा कळतो तसा दुसरीकडे कुठे कळत नाही.

कोर्सची घाई नको. सिसेरोन या बिअरतज्ज्ञांना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची पहिली पातळी, सर्टिफाइड बिअर सर्व्हर, ऑनलाइन देता येते, पण ती मुख्यतः माहितीची परीक्षा आहे. जीभ तिथे कुणी तपासत नाही. आधी सहा महिने वही भरा. एका महिन्याला एक शैली घ्या आणि तिच्या तीन वेगवेगळ्या ब्रुअरींच्या बिअर शेजारी ठेवा. तीन शैलींची एकेक बिअर चाखण्यापेक्षा त्यातून जास्त शिकाल. माझ्या मते पहिला महिना गव्हाच्या बिअरचा असावा, कारण केळं आणि लवंग यांचं प्रमाण ब्रुअरीगणिक इतकं बदलतं की फरक पहिल्याच दिवशी हाताला लागतो.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. पाच नमुने, प्रत्येकी ८० मिली, ५ टक्क्यांचे धरले तरी पोटात १६ ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल जातं. सत्तर किलोच्या पुरुषाचं रक्त तेवढ्यानेच मोटार वाहन कायद्याच्या मर्यादेला, म्हणजे १०० मिलीत ३० मिलिग्रॅमला, टेकू शकतं. गोव्याहून चोर्ल्याच्या वळणांवरून त्याच संध्याकाळी गाडी चालवत परतण्याचा बेत असेल तर चाखणं रद्द करा, नाहीतर मुक्काम करा. गोव्यातल्या बाटल्या डिकीत घालूनही आणू नका. त्या तिथल्याच विक्रीसाठी असतात, परवान्याशिवाय सीमा ओलांडली की गुन्हा होतो.

जुनी परीक्षणं काढून टाकू नका. पिल्सनर आणि स्टाउट दोन्ही त्याच ब्रुपबमध्ये पुन्हा घ्या, या वेळी पिल्सनर आधी आणि स्टाउट वीस मिनिटं थांबून. जुन्या मजकुराखाली नवी तारीख घाला. स्टाउटचं वर्णन जसंच्या तसं राहू द्या, फक्त तारे खोडून पन्नासपैकी गुण लिहा.